आक्कांचा थरथरता ओटा

यमुनाआक्का सॅक्सोफोन वाजवायला बसल्या की आधी चपला काढायच्या. मग अनवाणी तळवे ओट्यावर टेकवायचे आणि फुंकायला सुरुवात. शेजारच्या भिंतीपलीकडे कापडाचे लूम चालत आणि त्यांच्या धडधडीनं आमच्या लिंबायतच्या गल्लीतले ओटे दिवसभर थरथरत. चपला काढण्याला मी भक्ती समजले. शाळेत शिकवत असल्यामुळे आपल्याला सगळं कळतं, असा माझा तेव्हा समज होता.

त्याच खात्यात, म्हणजे लूमच्या कारखान्यात, आक्का दिवसा धाग्याच्या कांड्या भरायच्या आणि संध्याकाळी वरातीच्या बँडमध्ये वाजवायच्या. साडीवर बँडचा लाल कोट घालणारी आमच्याकडची ही पहिलीच बाई. बँडमास्तर त्यांना मधल्या रांगेत लपवायचा, आणि वऱ्हाडी नवरदेव सोडून त्यांनाच बघत बसायचे. वाद्य वडिलांचं. ते अमळनेरच्या बँडमध्ये होते आणि मुंबईच्या हॉटेलांत वाजवून म्हातारा झालेल्या एका वादकाकडून जॅझ शिकले होते. आक्का त्याला जाझ म्हणायच्या. "बँडमा समदा एकच वाजाडतस, बाई. जाझमा दुसराले ऐकीसन आपलं सांगनं पडस." हे सांगताना त्यांचं तोंड उजळायचं. असं ऐकून उत्तर देणारं माणूस त्यांना आयुष्यभर मिळालं नव्हतं.

मग एकदा मिळालं. तापीपलीकडच्या तीन गुजराती मुलांनी त्यांना वरातीत ऐकलं आणि तिघं शोधत शोधत घरी आली. त्यांच्यातल्या पियानोवाल्यानं सभागृहातल्या कार्यक्रमात आपल्याबरोबर वाजवाल का म्हणून विचारलं, "माशी, तमे अमारी साथे वगाडशो?" आक्का त्याच्या ओठांकडे बघत राहिल्या. ती मुलं गेल्यावर मला म्हणाल्या, "राहू द्या बाई. तठे जमीन हालस नही."

मी हसले. घाबरल्यात असं वाटलं. "आक्का, आता नाही तर कधी?" म्हणत आठ दिवस त्यांच्या मागे लागले. शेवटी त्यांनी मान हलवली.

सभागृह थंडगार होतं आणि जमिनीवर जाड गालिचा. सुरुवात आक्कांनी अशी केली की माझ्या अंगावर काटा आला. डोळे मिटून त्या वाजवत होत्या. पियानोवाल्याची पाळी आली, त्यानं दोन-चार सूर टाकले, पण आक्का थांबल्या नाहीत. मुलं एकमेकांकडे बघून हसली. थोड्या वेळानं एकेकानं हात आवरले. आक्का एकट्याच वाजवत राहिल्या, कितीतरी वेळ. डोळे उघडले तेव्हा तिघंही मांडीवर हात ठेवून बसली होती.

त्यांनी पहिल्या रांगेतल्या माझ्याकडे पाहिलं आणि आवाज न करता, नुसत्या ओठांनी विचारलं, "कितला येळ?"

खात्यातली माणसं अशीच बोलतात. लूमच्या आवाजात दुसरा इलाज नसतो. घरी आल्यावरही समोरच्याच्या तोंडाकडे बघायची सवय सुटत नाही. त्यामुळे आक्कांचे कान गेलेत हे आमच्या गल्लीत कुणालाच कळलं नाही. मलाही नाही. तळव्यांनी त्या लूमचा ताल धरत होत्या, वरातीत ढोल छातीत घुमायचा. त्यांनी मला सांगितलं होतं, आणि मी हसले होते.

"आत्ताच थांबले," मी ओठांनीच म्हणाले. आक्कांनी ते वाचलं. मी खोटं बोलतेय हेही वाचलं.

डॉक्टरांनी लूमच्या आवाजानं कानाच्या नसा गेल्यात म्हणून सांगितलं; ऐकायच्या यंत्राचाही उपयोग नाही म्हणाले. सॅक्सोफोन बँडमास्तरकडे गेला. आक्का अजून कांड्या भरतात, त्याच खात्यात, कारण दुसरं काम नाही.

वरात गल्लीतून निघाली की त्या दारात येतात आणि त्यांच्याच सॅक्सोफोनवर गाल फुगवणाऱ्या पोराला निरखतात. मग मला विचारतात, "सुरमा वाजाडस का तो?" मी उत्तरासाठी तोंड उघडते, तोवर त्यांनी मान दुसरीकडे फिरवलेली असते.