फळ्यासमोर मोठ्याने विचार करणारी

ओवी, ईशान,

मावशीआजी गेल्याचं फोनवर सांगितलं तेव्हा ओवीने विचारलं होतं, तिला शाळेचा एवढा राग का होता? त्या दिवशी मला सांगता आलं नाही. आता काही आठवडे उलटलेत, शाळेतली शोकसभाही होऊन गेली. त्या सभेनंतर गप्प राहणं मला जमणार नाही, म्हणून लिहिते.

माझी धाकटी बहीण सुलभा, म्हणजे तुमची मावशीआजी, आकुर्डीतल्या एका मराठी शाळेत नववी-दहावीला इंग्रजी शिकवायची. मुलं बहुतेक कामगारांची. घरात इंग्रजी म्हणजे शिफ्ट आणि ओव्हरटाइम, बस. ‘निबंध लिहा’ म्हणून ती कधी खुर्चीत बसली नाही. आधी स्वतः फळ्यावर लिहायची आणि लिहिताना डोक्यात चाललेलं सगळं मोठ्याने बोलायची... हे वाक्य लांबलं, तोडते. हा शब्द इथे शोभत नाही, खोडते. मग तसाच दुसरा परिच्छेद सगळा वर्ग मिळून लिहायचा. शेवटी ज्याचा त्याने. जुन्या गावातली एक आई तक्रार घेऊन आली होती, “बाई, पोरगी एकटीच बडबडती आन लिहिती. काय केलंय तिला?” हे सांगताना सुलभाला हसू आवरायचं नाही.

मग संस्थेने एक सल्लागार नेमला. तो तिच्या वर्गात मागे बसला आणि नंतर बैठकीत म्हणाला, बाई फार बोलतात, मुलांना सगळं आयतं देतात. मुलांनी स्वतः शोधायला हवं.

“ज्याच्या घरी इंग्रजीचं एक पुस्तक नाही त्याने शोधायचं कुठे? गादीखाली?” तिने सर्वांसमोर विचारलं.

जूनमध्ये तिची नववी-दहावी काढून घेतली आणि ग्रंथालय दिलं. त्यानंतर दरवर्षी जूनमध्ये ती मुख्याध्यापकांकडे जाऊन आपला वर्ग परत मागायची... ते चहा मागवायचे. निवृत्त होईपर्यंत तिला चहाच मिळाला. पुढे तिच्या रावेतच्या घरी मी तिला म्हटलं, शिकवण्या तरी घे. “दोन पोरं समोर बसवून वर्ग होत नाही, ताई,” एवढंच म्हणाली. मग तो विषय आम्ही काढलाच नाही.

शोकसभेत मुख्याध्यापकांनी तिला शाळेचा आत्मा म्हटलं. सभा संपल्यावर तोच सल्लागार भेटायला आला. शिक्षकांसाठी नवं प्रशिक्षण सुरू केल्याचं उत्साहाने सांगू लागला. शिक्षकाने आधी मोठ्याने विचार करत लिहून दाखवायचं, मग सगळ्यांनी मिळून लिहायचं, मग एकेकट्याने. परदेशात याचा फार उपयोग झालाय, म्हणाला.

“सुलभाचा वर्ग तुम्ही पाहिला होता ना?” मी विचारलं.

“हो तर. मॅडम फार तळमळीच्या होत्या.”

त्याला खरंच काही आठवत नव्हतं. आठवून खोटं बोलला असता तर मला कमी लागलं असतं.

यंदा त्या शाळेत दहावीला इंग्रजी सुलभाच्या पद्धतीने शिकवतात. तिचं नाव कोणी घेत नाही.