मुठीचं मडकं

धर्माच्या गायीचे दात मोजू नयेत, असं लोक म्हणतात. मी मोजते. आयुष्यभर मोजत आले. कुणी फुकट काही द्यायला आलं की आधी माझ्या मनात पाल चुकचुकते, मग तोंडावर हसू येतं. स्वभावाला औषध नाही. पण या स्वभावाचा भुर्दंड एकदा मी भलत्यालाच भरायला लावला. ते आता सांगूनच टाकते.

अमरावतीला अंबागेटच्या आत आमचं घर होतं. माझं एकटीचं नव्हे, आम्हा अठराजणींचं. विधवा, नवऱ्यानं टाकलेल्या, पोरक्या, सगळ्याच होत्या त्यात. एका वयस्क बाईंनी ते काढलं होतं, त्यांना आम्ही मोठ्या बाई म्हणायचो. शिवण, लिहिणं-वाचणं आणि आजाऱ्याची शुश्रूषा तिथं शिकवत. स्वयंपाकघर माझ्याकडे होतं. आणि हे घर चालायचं मुठीवर. गावातल्या साठेक घरांतली बाई सकाळी जात्यावर बसण्याआधी एक मूठ ज्वारी आमच्यासाठी बाजूला, एका लहानशा मडक्यात टाकायची. दर शनिवारी आमच्यातल्या दोघी झोळी घेऊन फेरी करायच्या आणि मडकी रिकामी करून आणायच्या. मूठभर ज्वारीनं कुणाच्या घरचं काही कमी होत नव्हतं, आणि त्या मुठीवर कुणाचं नावही नसायचं.

मग मानमोडीची साथ आली. दसऱ्याला चांगली चालतीबोलती माणसं दिवाळीला नव्हती. ताप, अंगदुखी, खोकला, तिसऱ्या दिवशी खेळ खलास. घराघरांतून आम्हाला बोलावणी यायला लागली, आणि आमच्या पोरी गेल्या. पाणी पाजायला, कपाळावर पट्ट्या ठेवायला, शेवटी शेवटी नुसतं हात धरून बसायला. मोठ्या बाई त्यातच गेल्या. त्यांच्यामागून आमच्या आणखी सहाजणी.

साथ ओसरली आणि लोक उलटले. ज्यांनी रडत रडत बोलावलं होतं, तेच म्हणायला लागले, ‘या बायांच्या पदराला साथ चिकटून येते.’ शनिवारी आमच्या दोघी गेल्या की दार आतून लागायचं. एकीच्या अंगावर तर वरून पाणी टाकलं. खरं सांगायचं तर भ्यायलो आम्हीही होतो. ज्या घरातून प्रेत निघालं तिथलं धान्य आणायचं नाही, असं मीच बजावलं होतं. असं करता करता फेरी बंदच पडली.

आणि याच दिवसांत देणगीदारांची रीघ लागली! कशाची देणगी? भांड्यांची. प्रत्येक घरात कुणी ना कुणी गेलं होतं, आणि मेलेल्या माणसाच्या नावानं काही द्यायचं तर आपल्याकडे पितळेचं भांडं द्यायचं, त्यावर नाव घालून. पातेली आली, घागरी आल्या, पराती आल्या. सगळ्यांवर ‘अमक्याच्या स्मरणार्थ’. आमच्यातली धाकटी प्रत्येक भांड्यावरचं नाव मोठ्यानं वाचायची आणि फळीवर मांडायची. तिचं वाचन सगळ्यात चांगलं, म्हणून ते काम तिचं. फळी भरली, मग दुसरी ठोकली. कणगीत मात्र ज्वारी तळाला गेलेली. एका सावकारीणबाईंना मी म्हटलंही, ‘या पातेल्यात शिजवायला काही देता का?’ तर त्यांना राग आला. धान्य खाऊन संपतं ना, नाव कुठं घालणार त्यावर?

ही धाकटी म्हणजे माझा जीव. आठव्या वर्षी लग्न, दहाव्या वर्षी कपाळ पांढरं. गालावर देवीचा मोठा व्रण. आमच्याकडे आली तेव्हा पाटीवर रेघ मारता येत नव्हती, आणि आता सोळाव्या वर्षी ती मराठी सातवीच्या परीक्षेला बसायची होती. पुढच्या फाल्गुनात. पास झाली की मुलींच्या शाळेत मास्तरीण, स्वतःच्या हक्काची भाकर. पण अचलपूरकडच्या खेड्यात तिचा थोरला दीर होता. साथीत त्याची बायको गेली, मागं तीन कच्चीबच्ची. त्याला बिनपगारी राबणारी हवी होती, आणि कदाचित त्याहून वाईटही. दर पंधरा दिवसांनी येऊन ओसरीवर बसायचा आणि पान चघळत विचारायचा, ‘कवा बंद होऊन राह्यलं मंग तुमचं?’

बंद होणारच होतं. आमचा कारभार बघणारे वकीलसाहेब सज्जन माणूस, पण त्यांनीही हात टेकले होते. म्हणाले, अक्षय तृतीयेपर्यंत धान्याची सोय झाली तर ठीक, नाहीतर ज्या त्या बाईला तिच्या तिच्या माणसांच्या हवाली करू. माणसांच्या! मी दीर आला की धाकटीला मागच्या विहिरीकडे पिटाळायची आणि ‘बाहेर गेली आहे’ म्हणून ठोकून द्यायची. त्या चार-सहा महिन्यांत मला खोटं बोलायची इतकी सवय झाली की खरं बोलताना अडखळायला व्हायचं.

अशात चैत्रात वकीलसाहेबांचा निरोप आला. अकोल्याचे एक वृद्ध गृहस्थ, काळी जमीन भरपूर, कापसाच्या जिनिंगमध्ये भागीदारी, घर बघायला येणार आहेत. सगळ्याजणींनी धुतलेली लुगडी नेसा, हार तयार ठेवा.

म्हातारा आला तो एकटाच, धुळीनं भरलेला, काखेत गाठोडं. हार घेतला नाही. ‘राहू द्या तुमचं स्वागत’ म्हणाला आणि जोडे काढून थेट माझ्या स्वयंपाकघरात. अहो, पुरुष माणूस, परका, चुलीपर्यंत! कणगीत कोपरापर्यंत हात घातला, तळ चाचपला. फळीवरच्या भांड्यांकडे बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, ‘बाई, तुमचं मोडलं काय, ते सांगा.’

आजवर कुणी देणाऱ्यानं मला हे विचारलं नव्हतं. आम्हाला काय देणार ते देणारेच ठरवून यायचे. म्हणूनच मी सावध झाले. म्हटलं, ‘मोडलं काही नाही. धान्य नाही, एवढंच.’

‘धान्य नाई, कारन शनिवारची फेरी नाई. काहून बंद केली?’

अकोल्याच्या माणसाला आमची शनिवारची फेरी कशी ठाऊक? चौकशी करून आलाय हा. कुणाची चौकशी? आणि मग त्यानं विचारलंच.

‘साथीत लोकाइच्या घरी जाये ती एक पोरगी. गालावर देवीचा वन. ते कुठं हाय?’

झालं! माझं डोकंच फिरलं. साथीत विधुर झालेले म्हातारे त्या वर्षी गावोगाव कोवळ्या पोरी शोधत फिरत होते, हे का मला माहीत नव्हतं? वरून दानशूर, आतून हे धंदे. म्हणून हार नको, म्हणून एकटा आला. त्याच्या डोळ्यांत डोळे घालून मी म्हटलं, ‘ती साथीतच वारली.’

म्हातारा मटकन खाली बसला, चुलीपुढच्या जमिनीवरच.

‘नाव काय होतं तिचं?’

‘पोरींची नावं आम्ही बाहेर सांगत नाही.’

त्यानं मान हलवली आणि गाठोडं सोडलं. आत आमचं मडकं होतं. मुठीचं. तोंडापर्यंत भरलेलं, ज्वारीला किडे लागलेले.

‘अंबादेवीमागच्या गल्लीत माही लेक देली होती,’ तो म्हणाला. ‘जावाई गेला, मंग तेही गेली. मी आजारी, मले कोनी सांगतलंही नाई. आता घर उघडलं तं जात्यापाशी हे भरून ठेवलेलं. मले वाटलं, हे असं कसं घर की याइच्यासाठी पोरीनं ठेवलं अन् कोनी न्याले नाई आलं? खरंच हाय का असं काई घर, का नुसतं नाव? म्हनून पाहाले आलो. शेजारची म्हातारी म्हने, शेवटच्या राती ते वनवाली पोरगी होती तिच्यापाशी. तिले इचारायचं होतं, पोरगी काई बोलली का.’

मला तेव्हाच सांगता आलं असतं. पंधरा पावलांवर विहीर होती, आणि धाकटी तिथंच पाणी शेंदत होती. पण जिनं तोंडावर मेलेली म्हणून सांगितलं तिला आता जिवंत करायची म्हणजे मीच खोटारडी ठरणार. आणि खोटारड्या बाईच्या घराला कोण धान्य देईल? घर बंद, धाकटी दिराकडे. मी गप्प बसले.

तो उठता उठता म्हणाला, ‘पुढच्या चैतापावतर जवारीची गाडी दर महिन्याले येईन. माहं नाव कुठं घालू नोका, मले जेवाले बलावू नोका. कोनाले किती वाढलं ते बी लिहून पाठवू नोका. पन शनिवारची फेरी सुरू करा. दार लावलं तं लावू द्या, पुढच्या शनिवारी पुन्हा जा. मी काई जल्मभर पुरनार नाई. तुमाले मुठीच पुरतीन.’

मी तरीही महिनाभर संशय धरून होते. नाव नको म्हणजे पापाचा पैसा असणार, चार महिन्यांनी अट येणार. गाडी येत राहिली, अट आली नाही. अक्षय तृतीयेला दीर आला, तेव्हा त्याला मी भरलेली कणगी दाखवली आणि म्हटलं, ‘भाऊजी, आता पान बाहेर थुंका आणि चालू लागा.’ फेरीही सुरू झाली. पहिल्या शनिवारी तीन मुठी, दिवाळीपर्यंत वीस घरं.

कार्तिकात अकोल्याहून ज्वारीच्या गाडीबरोबर गवतात गुंडाळलेलं एक पितळेचं पातेलं आलं. नाव नको म्हणणाऱ्याचं पातेलं! मी म्हटलंच, अखेर हाही त्यातलाच. धाकटीनं नेहमीसारखं ते उजेडात धरलं आणि मोठ्यानं वाचलं.

‘माझ्या लेकीपाशी शेवटच्या रात्री बसलेल्या मुलीच्या स्मरणार्थ. गाव अकोला.’

ती थांबली. पुन्हा मनातल्या मनात वाचलं. गालावरच्या व्रणाला तिनं बोट लावलं आणि माझ्याकडे बघून म्हणाली, ‘बाई, मी कधी मेले?’

मी सगळं सांगितलं. ती रडली नाही, ओरडली नाही. पातेलं फळीवर न ठेवता दाराशी ठेवलं. ‘उद्या अकोल्याला जायचं,’ एवढंच म्हणाली. मी म्हटलं, ‘अगं, परीक्षा तोंडावर आलीय. म्हातारा चिडला, गाडी बंद झाली, तर दीर टपूनच बसलाय.’ ‘बसू द्या,’ ती म्हणाली.

पातेलं बरोबर घेऊन, बडनेऱ्याला आगगाडी बदलून आम्ही गेलो. सगळ्या वाटेत ती माझ्याशी बोलली नाही. पुढचं आत्ताच सांगून टाकते: ज्वारीची गाडी बंद झाली नाही, ठरल्याप्रमाणे चैत्रापर्यंत आली. धाकटी पास झाली. पण त्या दिवशी हे काही मला ठाऊक नव्हतं.

अकोल्यात जठारपेठेत म्हातारा आपल्या घराच्या ओट्यावर बसला होता. मी एका दमात म्हटलं, ‘मी खोटं बोलले होते. हीच ती.’

त्यानं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तिच्या गालाकडे बघत राहिला. मग हळूच विचारलं, ‘काई बोलली का व माय, माही पोरगी?’

‘बोलल्या,’ धाकटी म्हणाली. ‘आधी तुमची आठवण काढली. बाबा आले का, असं दोनदा विचारलं. मग म्हणाल्या, मडकं भरलंय, बाईंना सांग, घेऊन जा म्हणावं.’

म्हातारा म्हणाला, ‘मंग तू सांगतलं नाई?’

‘दुसऱ्याच दिवशी सांगितलं होतं बाईंना.’

सांगितलं होतं. मला आठवत होतं. ज्या घरातून प्रेत निघालं तिथलं धान्य नको, असं मीच तिला म्हटलं होतं.

त्यानं डोळे पुसले आणि ओट्यावर आपल्या शेजारची जागा हातानं झाडली. ‘बस माय. भाकर खाऊन जाय.’

ती बसली. मला तो बस म्हणाला नाही. मी पातेलं हातात घेऊन उभीच राहिले.