पडद्यावर मरणारा शेजारी

लिफ्टमध्ये आमच्यासोबत वरच्या मजल्यावरचे अमेरिकन अंकल शिरले आणि बाबा त्यांच्याकडे टक लावून पाहायला लागले. मग मोठ्यांदा मराठीत मला म्हणाले, "या माणसाला मी मरताना पाहिलंय."

बाबा नुकतेच नागपूरहून आमच्याकडे सिंगापूरला, ईस्ट कोस्टला आले होते. मला वाटलं, प्रवासाचा शीण असेल. पण अंकलनीच विचारलं, "काय म्हणताहेत?" ऐनवेळी थाप सुचेना, म्हणून खरं ते सांगून टाकलं. म्हातारा इतका हसला, की त्याला लिफ्टची भिंत धरावी लागली. "विचार त्यांना, कुठल्या सिनेमात?"

इतकी वर्षं आम्ही एकाच इमारतीत राहत होतो आणि हा माणूस काउबॉय सिनेमांतला नट आहे, हे मला ठाऊक नव्हतं. त्यांची मुलगी रॅफल्स प्लेसला बँकेत होती. बायको गेल्यावर तिनं वडिलांना अमेरिकेहून इकडे आणलं होतं, एवढंच माहीत होतं.

त्यानंतर दोघं रोज सकाळी समुद्राकाठी फिरायला लागले. शनिवार-रविवारी दुभाषी म्हणून मी. बाबांना इंग्रजी कळायचं, पण अंकलच्या उच्चारांपुढे त्यांचा टिकाव लागत नसे.

अंकल गवळ्याचा मुलगा. गावाजवळ शूटिंग आलं, तेव्हा घोड्यावरून पडू शकणारी माणसं हवी होती. हे पडले, आणि पडतच राहिले. पुढे एका घोड्यानं लाथ मारून नाक मोडलं. "त्या घोड्याचे उपकार," ते म्हणाले. "नाक वाकडं झालं आणि मला चेहरा मिळाला. लगेच बढती! आता मरायच्या आधी एक वाक्य बोलायला मिळायचं."

"हिरो नाही झालात कधी?" बाबांनी विचारलं.

"झालो ना. अर्धा सिनेमा झालो. मग निर्माता बुडाला." वर ते म्हणाले, "पण हिरॉइनबरोबरचं चुंबन आधीच उरकलं होतं."

हे मराठीत सांगताना मी लाजले, बाबा मुळीच नाही.

पुढे काउबॉय सिनेमेच बंद पडले. अंकल नव्या नटांना घोड्यावर बसायला शिकवू लागले आणि केस पिकल्यावर टीव्हीवर आजोबा झाले. "आजोबाही तिसऱ्या भागात मरायचा," ते म्हणाले.

बाबांनी त्यांना पाहिलं होतं ते नागपूरच्या मॉर्निंग शोमध्ये. तेव्हा इंग्रजीचा एक शब्द कळत नसे. गोष्ट ज्यानं त्यानं आपापली जुळवायची. एका सकाळी बाकावर बसून बाबांनी तो सिनेमा सांगितला: गावात एकच विहीर, माजलेला जमीनदार कुणाला पाणी भरू देत नाही, आणि अंकल त्याच्याविरुद्ध उठलेले.

"विहीर कुठली?" अंकल गोंधळले. "ते भांडण सोन्याच्या खाणीवरून होतं. आणि मी चोर होतो."

"छे! पाण्यासाठीच होतं," बाबा म्हणाले. मग माझ्याकडे वळून हळू म्हणाले, "सांग त्यांना. आमच्या गावात आमच्या लोकांना विहिरीवर जाऊ देत नसत. माझ्या आईला तासन्‌तास घागर घेऊन लांब उभं राहावं लागायचं, कुणी वरून ओतेल म्हणून. हा माणूस बंदूक घेऊन सिनेमातल्या त्या खड्ड्यापाशी उभा राहिला आणि मला वाटलं, आपला आहे. हा मेला तेव्हा आम्ही पोरं रडलो होतो."

आजीची ही गोष्ट मीही पहिल्यांदाच ऐकत होते. कशीबशी इंग्रजीत सांगितली.

"माझ्या मरणावर कुणी रडलं असेल असं कधी वाटलंच नव्हतं," अंकल म्हणाले. "लोक टाळ्या वाजवायचे."

पुढच्या रविवारी दुपारी माझ्या मुलीनं तो सिनेमा इंटरनेटवर शोधून टीव्हीवर लावला. अंकल आपल्या मुलीला घेऊन आले. आता खाली अक्षरं उमटत होती आणि त्यात सरळ सोनंच होतं. बाबा मागे हटले नाहीत. "लिहिणाऱ्यानं चुकीचं लिहिलंय," म्हणाले.

अंकलना गोळी लागली. दोन्ही हात पसरून ते घोड्यावरून खाली आले, अगदी सावकाश. माझी मुलगी इथल्या पोरांच्या ढंगात ओरडली, "अंकल, यू डाय सो नाइस लाह!" अंकलच्या मुलीनं मात्र वडिलांचा हात धरला होता. लहानपणी तिला हे सिनेमे पाहू देत नसत, असं ती नंतर मला म्हणाली.

बाबांचा व्हिसा संपला तेव्हा अंकल विमानतळावर आले. हात मिळवायला पुढे झाले, तर बाबांनी त्यांना मिठीच मारली.

आता दर रविवारी दोघं व्हिडिओ कॉलवर असतात. कोण काय बोलतं ते एकमेकांना फारसं कळत नसावं. परवा मी मदतीला म्हणून अंकलच्या शेजारी जाऊन बसले, तर बाबा पलीकडून म्हणाले, "तू जा गं, आमचं चाललंय."