शंभुअप्पांच्या काठ्या

मानवतमध्ये गोल्फ खेळणारा माणूस एकच झाला आणि तो नेमका माझ्या शेजारी राहत होता. मी आयुष्यभर शाळेत पोरांना खो-खो आणि कबड्डी शिकवली. गुडघे फुटतात, दम लागतो, माती तोंडात जाते, त्याला मी खेळ म्हणतो. उभ्या उभ्या चेंडू मारायचा आणि मग त्याच्यामागं रमतगमत चालत जायचं, ही श्रीमंतांची करमणूक. हे मी शंभुअप्पांना तोंडावर सांगितलं होतं. तरी त्या उन्हाळ्यात रोज सकाळी त्यांच्या काठ्यांची पिशवी माझ्याच खांद्यावर असायची, कारण त्यांना एकट्याला सोडायची मला भीती वाटत होती.

शंभुअप्पा कापसाचे व्यापारी. लिंगायताचं घर, मोंढ्याच्या बाजारात वडिलांपासूनची आडत, कपाळाला भस्म आणि बोलणं बेताचं. त्यांचा हात म्हणजे काटाच होता. कुणी कापसावर पाणी मारून वजन वाढवून आणलं असलं, तर गाडीत हात घालताच त्यांना कळायचं. भांडण करायचे नाहीत. मूठभर कापूस काढून त्याच माणसाच्या हातात ठेवायचे आणि दुसरीकडं बघत बसायचे. तो बिचारा आपणहून भाव कमी करून घ्यायचा.

एक गोष्ट गावात सगळ्यांना ठाऊक होती आणि त्यांच्यासमोर कुणी काढत नव्हतं. त्या घरातल्या पुरुषाला साठी लागत नाही. आजोबा बैलगाडीतून उतरता उतरता गेले. वडील आडतीत गादीवर बसल्या जागी गेले. गिऱ्हाईक म्हणे कितीतरी वेळ त्यांच्याशी बोलतच होतं. थोरले भाऊ बसप्पा, धडधाकट माणूस, लेकीच्या लग्नाची सुपारी फुटली त्याच दुपारी गेले. तिघांचंही हृदय बंद पडलं. शंभुअप्पांना अठ्ठावन्नावं चालू होतं. त्यांच्या घरी वाढदिवस करत नसत.

शिवानी ही त्यांची एकुलती एक लेक, पुण्याला नोकरीला. पोरगी बापासारखीच कमी बोलणारी, पण धाक असा की अप्पा तिच्यापुढं चळचळा कापायचे. माघात तिनं त्यांना बळंच पुण्याला नेऊन तपासून घेतलं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, तेलतूप कमी करायला सांगितलं, रोज चालायला सांगितलं. आणि एक गोष्ट बजावून सांगितली: डावा हात, जबडा नाहीतर छाती दुखली, तर तसंच उठून दवाखाना गाठायचा, दुसऱ्या दिवसावर टाकायचं नाही. शिवानीनं हे तिच्या आईला, मल्लम्मावहिनींना सांगितलं, आणि मलाही फोन करून सांगितलं. काका, तुम्ही लक्ष ठेवा, म्हणाली. मी हो म्हणालो.

त्याच फेरीत तिच्या कंपनीतली माणसं जिथं गोल्फ खेळायला जायची, तिथं तिनं अप्पांना करमणूक म्हणून नेलं. कुणीतरी त्यांच्या हातात काठी दिली. पाचसात वेळा नुसतं गवत उडालं आणि मग एक चेंडू असा लागला की बघणाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. झालं. परत आले ते डोक्यात तेच घेऊन. म्हणाले, नुसतं चालायला मला लाज वाटते, मागं पोलीस लागल्यासारखं वाटतं. चेंडूच्या मागं चाललं की चालण्याला काम मिळतं. ते पटण्यासारखं होतं, म्हणून वहिनींनीही मोडता घातला नाही.

तिथल्या शिकवणाऱ्यानं त्यांना सगळं समजावून दिलं होतं. नवशिक्यानं पूर्ण जोड घ्यायचा नसतो. पाचसहा काठ्या पुरतात: लांब मारायला मोठ्या डोक्याची एक, मधल्या पल्ल्याला लोखंडी पात्याच्या दोनतीन, रुतलेला चेंडू वर काढायला एक आणि शेवटी भोकात ढकलायला एक. दांडा हलका हवा, जरासा लवचीक हवा आणि आपल्या उंचीच्या मापाचा हवा. अप्पांनी हे सगळं ऐकून घेतलं आणि नेमकं उलटं केलं. चैत्रात कुण्या निवृत्त लष्करी साहेबाचा जुना, भरगच्च जोड ट्रकवाल्याकडून मागवला. सगळे दांडे पोलादी. तो साहेब सहा फुटी असणार आणि आमचे अप्पा माझ्या खांद्याला लागायचे. नाकापेक्षा मोती जड म्हणतात तसला प्रकार. पार्सल आलं तो शनिवार होता. शनिवारी लोखंड घरात घेत नाहीत, म्हणून वहिनींनी ते उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नाही. ज्या माणसाच्या बोटांना कापसातलं पाणी कळतं, त्याला ही काठी जड आहे हे कळू नये, याचं मला तेव्हाच नवल वाटलं होतं. मी ते हसण्यावारी नेलं.

गावातल्या जिनिंग कारखान्याच्या मागं त्यांनी गोदामासाठी जमीन घेऊन ठेवली होती. तिथं आम्ही तुपाचे रिकामे डबे पुरून भोकं केली आणि कापसाच्या गाठींवरच्या जुन्या कापडाची निशाणं लावली. उन्हं वर यायच्या आत खेळायचं. त्या रानात टिटव्यांनी अंडी घातली होती. आम्ही पाऊल टाकलं की त्या डोक्यावर ओरडत फिरायच्या आणि आम्ही निघेपर्यंत थांबायच्या नाहीत. टिटवीचं ओरडणं चांगलं नसतं असं माझी आई म्हणायची. मी असल्या गोष्टी मानत नाही, पण रोज सकाळी तेच ऐकून माझं मन बिघडायला लागलं होतं.

पहिल्याच आठवड्यात मी बघितलं. अप्पा काठी मारायचे, मग थांबायचे, आणि उजव्या हातानं डावा दंड चोळायचे, खांद्यापासून कोपरापर्यंत. गार वारा असायचा आणि त्यांच्या कानामागून घाम गळायचा. मी पिशवी खाली ठेवली आणि पुण्याच्या डॉक्टरांचं वाक्य त्यांना जसंच्या तसं ऐकवलं.

"काठी जड हाय, सर," ते म्हणाले. "तुमीच उचलून बघा की."

मी उचलून बघितली. खरंच जड होती. पहिलवानाचाही हात दुखला असता. खोटं कारण असतं तर मी तिथंच धरलं असतं, शाळेत पोटदुखीची नाटकं करणारी पोरं मी हजारानं बघितली आहेत. हे कारण खरं होतं आणि त्याच्या आड दुसरं काही असलं तर ते दिसायला जागाच नव्हती.

मी शिवानीला कळवलं. ती सुट्टी काढून वैशाखात आली आणि आधी बापाला दवाखान्यात चला म्हणाली. अप्पांनी तिलाही तीच काठी उचलायला लावली. तिला ती दोन्ही हातांनी धड फिरवता येईना. मग ती संतापली आणि शिंप्याची टेप काढून कामाला लागली. बापाला भिंतीशी ताठ उभं केलं, मनगटापासून जमिनीपर्यंतचं माप घेतलं, तळहात आणि बोटं मोजली आणि पुण्याच्या दुकानदाराशी फोनवर तासभर वाद घातला. काही दिवसांनी एक लहानसा जोड आला, मोजक्या काठ्यांचा. दांडे कार्बनचे, काळे, उसाच्या वाढ्यासारखे हलके. ज्याच्या मारण्यात फार जोर नाही त्याच्यासाठी तो दांडा जास्त मऊ बनवतात आणि त्यावर तसं लिहिलेलं असतं: सीनियर.

अप्पांनी चष्मा लावून ते वाचलं. "आमच्या घरात सीनियर अजून कुणी झालं न्हाई, पोरी," म्हणाले. "दुसरं बघ."

शिवानी हसली, मग तिचं हसू विरलं. दुसरं काही आणायचं नाही, एवढं बोलून ती आत गेली. ती पुण्याला परतली तेव्हा काठ्या मापाच्या होत्या, हलक्या होत्या, आणि हाताला आता आराम पडेल असं अप्पांनी तिला कबूल केलं होतं.

त्या काठ्यांनी अप्पा सुरेख खेळायला लागले, हे मला मान्य करावंच लागेल. चेंडू सरळ जायचा, लांब जायचा. मलाही एकदोनदा मोह झाला आणि मी मारून बघितला. पण अप्पांचा उजवा हात डाव्या दंडावर जायचा थांबला नाही. आता तर ते दोन भोकांच्या मध्ये टेकायचे, निशाण नीट करायचं निमित्त काढून. मग म्हणाले, हातमोजा घट्ट आहे. मोजा बदलला. मग म्हणाले, मूठ बारीक आहे, दाबून धरावी लागते. सायकलवाल्याकडून मुठीवर रबर चढवून घेतलं. मग म्हणाले, मूठ फार जाड झाली. माझं डोकं फिरलं.

"अप्पा, बदलायच्या काठ्या संपल्या," मी म्हणालो. "आता हात तेवढा राहिलाय."

अप्पांनी चेंडू उचलून खिशात ठेवला आणि घराकडं चालायला लागले. बाजार उठू द्या, मग परभणीला डॉक्टरांकडं जाऊन येऊ, असं वाटेत म्हणाले. कापसाचा हंगाम कधीच संपला होता. कुठला बाजार उठायचा राहिला होता, देव जाणे.

दोन दिवसांनी सकाळी मल्लम्मावहिनी आमच्या दारात आल्या. सकाळच्या वेळी त्या कधी घराबाहेर पडत नसत, ती अप्पांच्या पूजेची वेळ. त्यांच्यात गळ्यातलं लिंग काढून डाव्या तळहातावर घेतात, हात डोळ्यांसमोर धरतात आणि त्याच्याकडं एकटक बघत बसतात. अप्पांची ती पूजा लांबलचक चालायची. वहिनी सांगत होत्या की बरेच दिवस झाले, ते डाव्या कोपराला उजव्या हाताचा टेकू देऊन पूजा करायलेत. विचारलं तर खेळून अंग धरलंय म्हणतात. आणि आज टेकू देऊनही हात खाली आला, मांडीवर टेकला, आणि लिंगावरचं बेलाचं पान खाली पडलं. ते उचलायलाही ते वाकले नाहीत.

"काठी जड होती, मोजा घट्ट होता, सगळं ऐकून घेतलं मी," वहिनी म्हणाल्या. "लिंगाचं काय वजन असतंय, सर?"

मी पायात चप्पल घातली का नाही ते आठवत नाही. गाडी काढली आणि अप्पांच्या दाराशी लावली. भांडणाची तयारी करून गेलो होतो. अप्पा मुकाट्यानं उठले, लिंग गळ्यात घातलं आणि गाडीत येऊन बसले. त्यांनी वाद घातला नाही, याचीच मला सगळ्यात जास्त धास्ती बसली. परभणीपर्यंत ते खिडकीतून बघत राहिले. गाडीत गार हवा चालू होती आणि त्यांचा सदरा पाठीला चिकटला होता. मागच्या सीटवर वहिनी पुटपुटत जप करत होत्या.

हृदयाचे डॉक्टर तरुण होते. त्यांनी छातीला वायरी लावून ईसीजीची पट्टी काढली, ती बघितली आणि नर्सला हळूच काहीतरी सांगितलं. मग अप्पांना विचारलं, हात कधीपासून दुखतोय. उत्तर माझ्याकडं तयार होतं, चैत्रापासून, ते जड काठ्यांचं पार्सल आलं तेव्हापासून. मी तोंड उघडणार तेवढ्यात अप्पाच बोलले.

"काठ्या घ्यायच्या आधीपासून. संक्रांतीपासून."

वहिनींनी माझ्याकडं बघितलं. म्हणजे पुण्याला तपासायला नेलं तेव्हाही दुखत होता, आणि हा माणूस तिथल्या डॉक्टरांसमोर गप्प बसला होता. अप्पा डॉक्टरांकडं बघत नव्हते, वहिनींकडं बघत होते.

"हाताला काहीतरी कारण पायजे होतं," ते म्हणाले. "म्हणून जड बघून घेतल्या. काठीत दोष हाय तवर काठी बदलता येती. दवाखान्यात हृदयाचं दुखणं निघालं की मग वडलांचं, बसप्पादादाचं जे झालं तेच माझं."

मला त्यांचा इतका राग आला की गचांडी धरून हलवावंसं वाटलं. मोंढ्यातल्या एकाही माणसाला ज्यानं कधी पाणी मारलेला माल खपवू दिला नाही, त्यानं आम्हा सगळ्यांना असला माल खपवला होता. आणि त्याच वेळी मला त्यांची एवढी कीव आली की मी भिंतीकडं तोंड करून उभा राहिलो. डॉक्टर म्हणाले, नांदेडला हलवावं लागेल, लगेच. अँब्युलन्स आली. वहिनी त्यांच्यासोबत बसल्या, मी मागून गाडी घेतली. वसमतच्या पुढं अँब्युलन्स रस्त्याच्या कडेला थांबली. मी गाडी थांबवून उतरलो, पण दार उघडायला माझा हात होईना.

शिवानी दुसऱ्या दिवशी सकाळी पोचली. त्यांच्या रिवाजाप्रमाणं अप्पांना बसवून माती दिली, सगळी माणसं पांगली, आणि ती माझ्याजवळ येऊन ओट्यावर बसली. रडली नव्हती. प्रवासभर एकच विचार करत आली असावी, कारण तिनं दुसरं काहीच विचारलं नाही.

"काका, त्याहून हलक्या मिळत होत्या. मी माप घेताना चुकले का?"

मी म्हणालो, "माप बरोबर होतं, पोरी. तसल्या काठ्यांनी माणूस ऐंशीपर्यंत खेळतो."

"मग?" तिनं विचारलं.

मी वहिनींकडं बघितलं. त्या दाराच्या चौकटीला टेकून बसल्या होत्या. त्यांनी डोळे मिटून घेतले. म्हणजे संक्रांतीपासूनचं ते सगळं मलाच सांगायचं होतं.