खड्ड्यातलं घड्याळ

आमच्या आत्याने आयुष्यभर खापरांची चित्रं काढली. विद्यापीठाच्या पुरातत्त्व विभागात ती चित्रकार होती. परदेशातल्या एका उत्खननावर तिला ओळीने पाच हिवाळे पाठवलं आणि तिथे तिचा जीव जडला. माणसावर नव्हे, आजोबांनी तशी कसून चौकशी केली होती. जीव जडला तो त्या देशावर, टेकडीवरच्या कोरड्या वाऱ्यावर, शब्द चुकला की हसून दुरुस्त करणाऱ्या तिथल्या आचारीणबाईंवर. एका खापरावर कुंभाराच्या अंगठ्याचा ठसा होता. आत्याने त्यात आपला अंगठा ठेवून पाहिला, तर नेमका बसला. घरी परतल्यावर ती "आमच्याकडे" म्हणायची ते तिकडचं असायचं, आणि आजी भांडी आपटायची.

काम संपलं की खणलेला खड्डा पुन्हा मातीने भरतात. त्याआधी तळाशी त्या सालची एखादी वस्तू टाकायची रीत आहे, नाणं नाहीतर बाटलीचं झाकण. पुढे खणणाऱ्याला कळावं, की इथे आपल्याआधी कोणीतरी येऊन गेलंय. पाचव्या वर्षी आत्याने हातातलं घड्याळच काढून ठेवलं. ते आजोबांनी दिलेलं, मागे तिचं नाव कोरलेलं. प्रवासात हरवलं असं घरी सांगून तिने यथेच्छ बोलणी खाल्ली. खरं काय ते फक्त मला सांगितलं. "पुढच्या वर्षी काढून घेईन."

पुढच्या वर्षी आजोबांनी अंथरूण धरलं. मग आजीने. त्या दोघांतून ती मोकळी होईतो तिकडे खणायची परवानगीच बंद झाली. पासपोर्टची मुदत मात्र आत्याने कधी संपू दिली नाही. आम्ही त्यावरून तिची भरपूर थट्टा केली. आता त्याची लाज वाटते.

परवा मेल आली. परवानगी पुन्हा मिळाली होती आणि नव्या तुकडीने तो खड्डा उघडला होता. घड्याळ सापडलं, नावावरून शोध लागला, पत्ता कळवा, लगेच पाठवतो. मी वाचून दाखवली आणि हुरुपाने पत्ता टाइप करायला घेतला.

"थांब जरा," आत्या म्हणाली. ती रिकाम्या मनगटावरून बोट फिरवत होती. "त्यांना लिही, खड्डा बुजवाल तेव्हा परत तिथेच ठेवा."

"अगं, आजोबांची आठवण आहे ती."

"ते इथे आलं, तर मी तिकडे कशाला जायचं?"

आत्याला हल्ली जिना उतरायलाही माझा हात लागतो. मी पत्ता खोडला.