खंडेनवमीला पुजलेल्या बाटल्या

माझा धाकटा भाऊ फौजेतून निवृत्त होऊन आला, तो आगीची शाळा सोबत घेऊनच. उंब्रजला हायवेलगत त्यानं आणि वहिनीनं शेव-फरसाणाचं दुकान काढलं, मागच्या खोलीत भट्टी. नवरा गेल्यापासून मी त्यांच्याकडेच असते, पाकिटं भरते. दुकानावर पाटी लागायच्या आधी आत भिंतीवर लाल अग्निशामक बाटल्या लागल्या. त्यासाठी भावानं मलकापुरात जाऊन दुकानदाराचं डोकं खाल्लं होतं. तो बिचारा एकच मोठी बाटली गळ्यात मारायला बघत होता. भाऊ म्हणाला, "आगीआगीत फरक आसतो गड्या."

हा फरक त्यानं आमच्याकडून घोकून घेतला. पोती-पुठ्ठे पेटले तर पाण्याची बाटली. विजेच्या बोर्डाला पाणी दाखवायचं नाही, तिथं भोंगा असलेली गॅसची. आणि कढईतल्या तेलासाठी वेगळीच, तिच्यातलं औषध तेलावर सायीसारखा थर धरतं. "पेटत्या तेलात पानी गेलं की त्याची वाफ हुती, आन् ती वाफ जळतं तेल घिऊन आंगावर येती," हे तो जेवतानाही सांगायचा. मी म्हणायचे, "आरं, भाकरी तरी गिळू दे." वहिनी मात्र घास हातात धरून ऐकायची. तिला त्याचं फार कौतुक.

आमच्याकडे ज्याच्यावर पोट चालतं त्याला खंडेनवमीला हळद-कुंकू लागतंच. तराजू, झारा, सोऱ्या घासूनपुसून पाटावर मांडले. भावाला वाटलं, जीव वाचवणारं हत्यार तेवढं भिंतीवर कशाला राहावं? त्यानं बाटल्याही उतरवल्या. वहिनीनं प्रत्येकीवर कुंकवाची बोटं ओढली, झेंडूच्या माळा गुंडाळल्या. त्या लाल बाटल्या पाटावर नवरदेवासारख्या दिसत होत्या, आणि आम्ही हसलो. आता त्या हसण्याचासुद्धा राग येतो.

दसरा झाल्यावर भावानं स्वतःच्या हातानं त्या परत टांगल्या. पूजेचं कुंकू पुसायचं नाही, माळ सुकून आपोआप गळेपर्यंत काढायची नाही, ही आमची रीत. बाटलीवरचं लेबल माळेखाली गेलं होतं. भोंग्याची बाटली ओळखू आली, ती बोर्डाजवळ गेली. उरलेल्या दोन अंगानं सारख्याच. पाण्याची कढईजवळ लागली, तेलाची पोत्यांजवळ. एवढा बारकाईनं बघणारा माणूस, पण त्या दिवशी त्यानं बघितलं नाही. ज्याची पूजा केली त्या देवाला तरी दिसायला नको होतं?

पुढच्याच आठवड्यात भर दुपारी भट्टीचा गॅस बंद करायची चावी अडकली. वहिनी ती फिरवायला झटत होती, तोवर तेलातून काळा धूर निघाला आणि कढई पेटली. तिनं हाक मारली. भाऊ दुकानाच्या पुढच्या भागातून धावत आला, तिला म्हणाला, "माझ्या मागं हो," आणि कढईजवळची बाटली उचलून दाबली. वहिनी मागं सरेपर्यंत आग छताला जाऊन खाली आली, ती तिच्यावर. भावाचे हात भाजले. हात बरे झाले.

कराडच्या दवाखान्यात भाऊ मला बाहेर म्हणाला, "आक्का, पान्याची बाटली हुती ती. मीच टांगली हुती. तिला कळू दिऊ नको." मी मान हलवली आणि आत गेले. वहिनीला बोलणं जड जात होतं. तिनं मला जवळ बोलावलं. "वन्सं, त्यातनं पानी आलं. मला तवाच उमगलं. तुमी त्यास्नी म्हनू नगा. त्यांचा जीव लय हळवा हाय, खचत्याल." मी तिलाही हो म्हणाले. आत एक, बाहेर एक, आणि दोघंही मलाच बजावत होते. त्यानंतर ती फार बोललीच नाही. गेली.

दुकान बंद आहे. लोक समजूत घालायला येतात, म्हणतात, "फौजी, तुमी तर समद्या गावाला शिकवलं, तुमच्याच घरी आसं व्हावं?" त्यांना वाटतं ते धीर देताहेत. भाऊ जेवत नाही, खाटेवर पडून असतो. नशीब, देव, कर्म यातलं काहीही मला आता पटत नाही. सांगावं तर त्याच्या मनावरचं निम्मं ओझं उतरेल, की वहिनीच्या मनात त्याच्याबद्दल शेवटपर्यंत राग नव्हता. पण ते सांगायचं म्हणजे तिला सगळं कळलं होतं, हेही सांगायचं. आणि तिला काही कळलं नव्हतं, एवढ्याच भरवशावर तो अजून श्वास घेतोय असं मला वाटतं.

रोज संध्याकाळी दिवा लावायला मी त्याच्या खोलीत जाते तेव्हा तो विचारतो, "आक्का, तिला कळलं न्हवतं न्हवं?"

"न्हाई रं," मी म्हणते.

"मग बरं," म्हणून तो भिंतीकडे तोंड करतो.