पाहुणीला दिलेली शिवण

बाइंडरबाईंच्या धाकटीला पुस्तक शिवता येत नाही, हे सांगूनही कुणाला खरं वाटत नसे. जिचा पाळणा पुठ्ठ्यांच्या थप्पीशेजारी हलला, खळीच्या वासाशिवाय जिला झोप लागत नसे, तिला साधा दोरा ओढता येऊ नये? पण येत नव्हता. आईनं सुईला हातच लावू दिला नव्हता. पुठ्ठे उचल, गिऱ्हाइकाला बसायला दे, इतपत ठीक. शिवायच्या टेबलाकडे धाकटी जरा सरकली की बाईंची लाकडी पट्टी टेबलावर आपटलीच म्हणून समजा.

"अभ्यासाला बस. माझी बोटं बघ. असली हवीत का तुला?"

धाकटीला असलीच हवी होती. बाकीचे बाइंडर शेवटची गाठ पुस्तकाच्या पाठीवर मारतात. बाई दोरा मागे नेऊन गाठ आतल्या घडीत निजवत. पाठ अशी सपाट व्हायची की पुस्तक कुठल्याही पानावर उघडा, मुकाट्यानं पडून राहायचं. ही शिवण बाईंना वडिलांनी दिलेली, आणि बाईंनंतर ती आपल्याकडे येणार, हे धाकटीनं न विचारताच ठरवून टाकलेलं होतं. कॉलेजातही तिनं जुनी पुस्तकं जतन करण्याचाच विषय घेतला. पोरगी वरून गरीब दिसायची, पण हट्टात आईलाही विकून खाईल अशी.

मग विद्यापीठात अदलाबदलीची योजना आली. इथली एक मुलगी परदेशात, तिथली एक इथे, सहा महिने एकमेकींच्या घरी राहून शिकायचं. निवड धाकटीची झाली आणि ही बया नाही म्हणून बसली!

"आधी घरचं शिकते. काखेत कळसा असताना गावाला वळसा कशाला?"

तिसऱ्या दिवशी बाई हात पुसत म्हणाल्या, "तू जाऊन ये. आलीस की दुसऱ्या दिवशी टेबलावर बसवते. शब्द देते."

बाई सहसा शब्द देत नसत. गिऱ्हाइकालासुद्धा "बघू" म्हणत. धाकटीनं त्याच संध्याकाळी बॅग काढली.

तिकडे तिला पाहुणीची, म्हणजे तिच्या बदली बाईंकडे राहायला आलेल्या मुलीची, खोली मिळाली. अरुंद पलंग, खिडकीखाली हीटर, दाराच्या चौकटीवर पाहुणीच्या उंचीच्या पेन्सिलखुणा. कार्यशाळा मोठी, उजेडाची. कीड लागलेली पानं ब्रशनं साफ करणं, फाटक्या कडांना पातळ कागद लावणं, सगळं धाकटीनं मन लावून केलं. पण शिवणकाम सुरू झालं आणि हिनं सुई खाली ठेवली.

"तू बाइंडरची मुलगी ना?" तिथल्या शिकवणाऱ्या बाईंनी विचारलं.

"म्हणूनच," धाकटी म्हणाली. "पहिला टाका मला आईकडून घ्यायचाय."

याला वेडेपणाच म्हणायला हवं. शिवणकामाचे सगळे गुण गेले, वर्गात हसू झालं. तिला त्याचं काही वाटलं नाही. ती परतीचे दिवस मोजत होती.

तीन आठवडे उरले असताना पाहुणी परत आली. धाकटीच्या विद्यापीठातलं सत्र आधी संपलं होतं. आल्या आल्या तिनं धाकटीला मिठी मारली आणि पिशवीतून एक पुस्तक काढलं. निळं कापड, कोपरे चोख. धाकटीनं ते मधोमध उघडून टेबलावर ठेवलं. ते मुकाट्यानं पडून राहिलं. तिनं पाठीवरून बोट फिरवलं. गाठ नव्हती. गाठ आतल्या घडीत होती.

"तुझ्या आईनं शिकवलं," पाहुणी आनंदानं सांगत होती. "रोज सकाळी दोन तास. बघ, माझी बोटं!"

तिच्या बोटांना घट्टे पडले होते. त्या मुलीचा काही दोष नव्हता, हे धाकटीला कळत होतं, आणि तरी तिचे हात पाहवत नव्हते. तिनं घरी फोन लावला. आई एवढंच म्हणाली, "ये, मग बोलू."

ती घरी पोचली तर दुकानाच्या खोलीत पुस्तकं दाबायचा लोखंडी शिकंजा नव्हता. फरशीवर त्याच्या चार पायांचे डाग तेवढे होते. सुया, दोऱ्याची रिळं, खळीचं पातेलं, काही नाही.

"मागच्या गल्लीतल्या छापखान्याला देऊन टाकलं," बाई म्हणाल्या. "डोळे साथ देत नाहीत आता."

"पाहुणीला शिकवताना देत होते?"

"मागे लागली गं ती."

"मी वीस वर्षं मागे लागलेय!"

"ती सहा महिन्यांनी जाणार होती," बाई हळूच म्हणाल्या. "तिची हौस झाली. तू इथंच चिकटली असतीस, माझ्यासारखी, मान मोडेपर्यंत."

"मग शब्द कशाला दिलास?"

"नाहीतर गेली असतीस का तू?"

परक्यानं केसानं गळा कापला तर माणूस चार शिव्या देऊन मोकळा होतो. आईला कुठली शिवी द्यायची? धाकटीला आठवत होतं ते एवढंच, की त्या शब्दासाठी तिनं भर वर्गात सुई खाली ठेवली होती. आणि तो शब्द देतानाच आईला माहीत होतं की तो पाळायचा नाही.

न उघडलेल्या बॅगेवर बसून ती फोनवर काहीतरी लिहू लागली.

"कुणाला लिहितेस?"

"पाहुणीला. मला शिकवशील का, विचारतेय."

बाईंचा चेहरा उतरला. त्या जवळ आल्या, हात पुढे केला, मागे घेतला.

"तिला अजून नीट जमत नाही गं," त्या म्हणाल्या. "शेवटची गाठ तिची सैल पडते."

"पडू दे," धाकटी म्हणाली. "मी सैलच शिकेन."